अडत

तळघरात माझा स्टुडिओ. वर मासे तळण्याचं दुकान,
म्हणून इथे झालेल्या प्रत्येक रेकॉर्डिंगला
तेलाचा वास आहे. तुम्हाला तो ऐकू येत नाही, एवढंच.

लिअँडर पडिस्टर कामावरून थेट यायचा.
बारा तास खेकड्यांच्या कारखान्यात, मग अकॉर्डियन.
बोटं मोकळी व्हायला वीस मिनिटं लागायची,
तेवढा वेळ मी मीटर सुरू करत नसे.

नऊ हजार डॉलर हवे होते त्याला.
लोकांकडून, थोडे थोडे.
थेंबे थेंबे तळे साचे, म्हणतात.
तळं कुठल्या उतारावर खणलंय
ते कुणी विचारत नाही.

व्हिडिओ करायचा होता. सतरा वेळा केला.
कॅमेऱ्याकडे बघून हसा, असं सूचनांत लिहिलेलं,
आणि हा माझ्याकडे बघायचा,
कशाला, असं विचारल्यासारखा.
शेवटी भात्याकडे बघत म्हणाला,
"मी लिअँडर. मला वाजवता येतं. मागता येत नाही."
ते वाक्य आम्ही राहू दिलं.

त्याच आठवड्यात स्लोन थॉर्नली.
टोरोंटोची; गेल्या वर्षी सेंट जॉन्समध्ये, बंदरासमोर, घर घेतलं.
तिच्या चुलतभावाने ड्रोन उडवला,
कड्यांवरून धुकं वर आलं, अगदी सांगितल्या वेळी.
वडिलांच्या वकिली कचेरीत तेरा जणांनी
जेवणाच्या सुट्टीत फोन काढले.
साडेनऊ तासांत वीस हजार.

मला तिचा राग यायला हवा होता. सोपं झालं असतं.
पण ती वाजवते चांगलं. फिडलवर तिचं मनगट असं येतं
जशी शेजारीण, दार न ठोठावता, हातात वाटी घेऊन.
आणि लिअँडरला पहिले शंभर तिनेच दिले.

बाकी कुणी दिले, ती यादी मी रात्री वाचली.
व्हर्ना, ड्रमवाली: वीस.
ऑझी क्रिच, गिटार शिकवतो, विद्यार्थी तीन: वीस.
मी: वीस.

व्हर्नाची नोट मला ओळखीची वाटली.
मागच्या हिवाळ्यात तिच्या सीडीसाठी मीच दिलेली.
मला ऑझीने दिलेली, मायक्रोफोनसाठी.
ऑझीला लिअँडरने,
बर्फावर पडून त्याचे दात गेले तेव्हा.
भिशीच आहे ही आमची, फक्त
दर फेरीला अडत्या आपला वाटा कापून घेतो:
वीसचे अठरा चाळीस,
मग सतराला सात सेंट कमी,
मग साडेपंधरा,
असं करत करत एक दिवस आम्ही एकमेकांना
मोठ्या प्रेमाने
काहीच देणार नाही.

चाळीस दिवस संपले. तीन हजार सातशे दहा.
आकडा गाठला नाही तर काहीच मिळत नाही, असा नियम.
पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात परत गेले,
शाळा सुटल्यावर रांगेतून जातात तसे.

दोनशे डॉलर देईल त्याच्या नावाची चाल, असं कबूल केलं होतं.
देणारी एकच निघाली. पाउच कोव्हच्या एफी गॉसबाई.
स्वतःचं नाव नको म्हणाल्या, नवऱ्याच्या बोटीचं द्या.
कॉड धरायला बंदी आली तेव्हापासून
बोट अंगणात पालथी आहे, खाली कोंबड्या राहतात.

लिअँडरने चाल बांधली.
मी म्हटलं, अरे, पैसे परत गेले ना त्यांचे.
"पैसे गेले," म्हणाला, "मी सांगितलेलं कुठे गेलंय?"

स्लोनचं काम माझ्याकडेच चालू आहे,
सोमवार ते गुरुवार, पूर्ण दराने.
या महिन्याचं भाडं तिच्यातून गेलं, हीटरचं बिलही.
गुरुवारी ती जाते तेव्हा मी हीटर बंद करत नाही.

मग लिअँडर येतो. मीटर बंद.
कोट काढून खुर्चीला अडकवतो.
खोली अजून उबदार असते;
बोटं हल्ली
दहाच मिनिटांत मोकळी होतात.